दामाजीचं फेडलं, आमचं का नाही?

सांगोला तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वहीच्या पानांवर, दोन्ही बाजूंनी, काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे. पूर्ण पत्र इथे मावणार नाही, पण त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"माळरान फोडून आम्ही अडीच एकर डाळिंब लावलं. दोन बहर चांगले गेले. तिसऱ्याला झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. आधी एक फांदी पिवळी पडायची, मग अख्खं झाड. खोडाशी पिठासारखं काहीतरी पडलेलं असायचं. औषधांवर पैसा गेला, बँकेचं पीककर्ज थकलं, मग गावातल्या एकाकडून चार लाख शेकडा तीननं उचलले. मालक शेजारच्या गावात एका बाबांकडे जायला लागले. गुरुवारी आणि अमावास्येला त्यांची गादी भरते. बाबा म्हणाले, भावकीनं करणी केली आहे, खोडाशी पडलेली ती मंतरलेली राख आहे. तेव्हापासून धाकट्या दिरांशी बोलणं बंद. अकरा हजार दिले, आता बागेला बंधन घालायचे एक्कावन्न हजार मागतात. पुष्कराजाची अंगठीही झाली. मी स्वतः शिकलेली आहे, मला हे पटत नाही. पण खोटं कशाला बोलू, रात्री झोप लागत नाही तेव्हा मीही मोबाइलवर राशिभविष्याचे व्हिडिओ बघत पडते. 'गुरुवारपासून तुमचे दिवस फिरणार' असं कुणी म्हणालं की जरा बरं वाटतं, झोप लागते. सासूबाई माळकरी आहेत, रोज हरिपाठ करतात, मलाही बसवतात. त्यानं मला काहीच बरं वाटत नाही. त्या एवढंच म्हणतात, पांडुरंग बघतोय. मला राग येतो. मंगळवेढा इथून जवळ आहे, लहानपणापासून ऐकतोय, देवानं दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बादशहाचे पैसे भरले. मग आमचे का नाही? परवा रात्री मालक म्हणाले, मी गेलो तर विम्यावर तुम्ही तरी सुटाल. हरिपाठ आणि बाबाचं बंधन यात फरक काय, तुम्हीच सांगा. सासूबाई म्हणतात, यंदा वारीला चल. जाऊ का?"

ताई, देवाचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात शेवटाकडे, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आलं आहे, त्याला आधी हात घालते. "मी गेलो तर विम्यावर तुम्ही सुटाल." हे माणूस रागाच्या भरात बोलला असेल, तरी ते बोलणं समजून सोडून देऊ नका. आज रात्री, मुलं झोपल्यावर, त्यांना सरळ विचारा: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती अनेकांना वाटते, पण तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात ते घोळत असतं त्याला, कुणीतरी नाव घेऊन विचारलं, याचंच हलकं वाटतं. फवारणीची औषधं घरात किंवा गोठ्यात उघड्यावर असतील तर आजच कुलपात घाला आणि किल्ली सासूबाईंकडे द्या, किंवा डबे सरळ शेजारच्या घरी ठेवायला द्या. अशा वेळी मधे एक कुलूप असलं तरी माणूस वाचतो. टेलिमानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीतून बोलता येतं. ते बोलायला तयार नसतील तर तुम्ही बोला, काय करायचं ते तुम्हालाही सांगतील. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे घेऊन जा. त्यांना एकटं सोडायचं नाही असे काही दिवस सध्या आहेत, हे दिरांनाही कळू द्या. बोलणं बंद आहे ना? या एका गोष्टीसाठी उघडा. आणि मालकांना हेही सांगा की माणूस गेल्यावर सावकार थांबत नाही, तो बायकोच्या दारात येतो.

देवावर भरवसा ठेवणाऱ्या घरात डॉक्टर आणि फोन कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

आता बाबा. त्यांनी तुमच्या मालकांना नेमकं काय विकलं, ते नीट बघा. झाडं वाचवण्याचा उपाय त्यांनी विकलाच नाही. त्यांनी विकला एक गुन्हेगार. बाग गेली, पैसा गेला, हे कुणाच्या तरी माथी मारता आलं की माणसाला विलक्षण आराम मिळतो. 'माझं काही चुकलं का, माझं नशीबच फुटकं का' हा रात्रीचा भुंगा थांबतो. त्या आरामाची किंमत अकरा हजार नाही, ताई. त्याची किंमत म्हणजे तुमचा दीर. अडचणीच्या दिवसांत जो माणूस पहाटे पाच वाजता ट्रॅक्टर घेऊन आला असता, तोच नेमका यादीतून उडाला. गंडवणाऱ्यांचं हे जुनं तंत्र आहे: आधी माणूस एकटा पाडायचा. एकट्या माणसाचा सल्लागार मग एकच उरतो, आणि तो गादीवर बसलेला असतो.

खोडाशी पडलेली ती 'मंतरलेली राख' मला तरी भुसा वाटते. तुमच्या भागात गेल्या काही वर्षांत डाळिंबाच्या किती बागा गेल्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बुंध्याजवळ टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं दिसतात का ते बघा. दिसली तर ते खोड पोखरणाऱ्या बारीक भुंगेऱ्याचं काम असण्याचा संभव मोठा, आणि पांढरट पीठ म्हणजे त्यानं बाहेर टाकलेला लाकडाचा चुरा. वाळलेलं एखादं झाड बुंध्यापासून आडवं कापा. आतलं लाकूड तपकिरी-काळं पडलेलं असेल तर मर रोगही असू शकेल. नक्की काय ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण सांगणारी माणसं तुमच्याच जिल्ह्यात आहेत. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. देशभरातल्या डाळिंबाच्या रोगांवर तिथे काम होतं. खोडाचा तुकडा, मुळ्या, थोडी माती पिशवीत घालून घेऊन जा, आणि मालकांना सोबत न्या. भुंगेरा भिंगाखाली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. तुम्ही शंभर वेळा 'करणी-बिरणी काही नसतं' म्हणालात तरी जे होणार नाही, ते कदाचित त्या एका नजरेत होईल.

तरीही एक्कावन्न हजारांचा तगादा चालूच राहिला, तर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमक्यानं करणी केली असं सांगून लोकांत त्याच्याविषयी संशय पेरणं, अंगात शक्ती असल्याचं भासवून पैसे काढणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देता येते. सासूबाईंना हेही सांगा की याच कायद्यात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा व्हायच्या आधी या मुद्द्यावरून वारकऱ्यांमध्ये बरीच धाकधूक होती. भक्ती कुठली आणि धंदा कुठला, यातला फरक विधिमंडळालाही शब्दांत मांडावा लागला, मग तुम्हाला तो प्रश्न पडला यात नवल काय?

मोबाइलवरच्या भविष्याबद्दल तुम्ही खरं लिहिलंत, ते मला सगळ्यात आवडलं. होय, त्यानं बरं वाटतं. आणि हरिपाठानं वाटत नाही. मी तुम्हाला उलटं पटवायला जाणार नाही. खोटा दिलासा लवकर लागू पडतो, म्हणून तर तो खपतो. गुरुवारपासून दिवस फिरणार म्हटलं की आज रात्रीपुरतं हातपाय हलवायचं कारण उरत नाही. मग गुरुवार येतो, जातो, आणि पुढचा व्हिडिओ सोमवारचं आश्वासन देतो. तो बनवणाऱ्याला तुमची रास ठाऊक नाही, तुमची बाग ठाऊक नाही. तुम्ही शेवटपर्यंत बघितलंत की त्याचं काम झालं. फोन रात्री सासूबाईंच्या खोलीत चार्जिंगला लावून या, यापलीकडे त्यावर मला काही सुचत नाही.

मी बरीच वर्षं ग्रामीण बँकशाखेत काढली. वसुलीला गेलं की एक गोष्ट घराघरांत दिसायची. नोटिशीची पाकिटं न फोडता देव्हाऱ्याखाली सरकवलेली. वर विठ्ठल-रखुमाई, समोर निरांजन, आणि खाली बँकेच्या पाकिटांची चळत, काहींना कुंकवाचे डाग पडलेले. माणसं भाविक होती, नाटकी मुळीच नव्हती. त्यांना वाटायचं, देवाच्या पायाशी ठेवलं म्हणजे देवावर सोपवलं. पण न फोडलेलं पाकीट सोपवता येतं का? आत काय आहे हे आपणच पाहिलेलं नाही, तर आपण देवाला नेमकं काय सांगतोय?

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे मी याच वाटेनं येते. हरिपाठ आणि बाबाचं बंधन यात फरक काय. फरक तुमच्या बसण्यात असू शकतो आणि नसूही शकतो. हरिपाठ म्हणताना 'एवढे दिवस म्हणते, आता तरी बाग हिरवी कर' असा आतून हिशेब चालू असेल, तर तोही बंधनच आहे, फक्त स्वस्त. तुकोबांनी नवसाबद्दल जे म्हटलं ते तुमच्या सासूबाईंना पाठ असेल: "नवसें कन्या पुत्र होती । तरि कां करणें लागे पती". इतकं रोखठोक बोलणारा माणूस देवाला सोडून गेला नाही, ही गंमत आहे. नवसाचा देव त्यांनी नाकारला आणि विठ्ठल मात्र धरून ठेवला.

तुकोबांनीच स्वतःची कर्मकहाणी एका अभंगात सांगितली आहे. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ, घरात महाजनकी, दुकान, आणि सगळं बसलेलं. ते लिहितात:

"दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें ।
वेवसाय देखें तुटी येतां ॥"

या चार ओळी सावकाश वाचा. पैसा गेला, अब्रू गेली, बायको अन्न अन्न करत मेली, मला लाज वाटली, धंद्यात खोट आली. कुठे 'देवाची इच्छा' नाही, 'जे होतं ते बऱ्यासाठी' नाही. कुणी करणी केली हेही नाही. गावात ज्याला मान होता तो माणूस सगळ्यांसमोर म्हणतो आहे की माझी बायको भुकेनं मेली आणि मला लाज वाटली. हे पाकीट फोडणं. आणि लगेच पुढच्या ओळीत काय येतं? देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. म्हणजे सगळं गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा जे केलं ते हातानं करायचं काम होतं, दगडमातीचं. पुढे कर्जखतांतला भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. (ती लोकांकडून येणं असल्याची खतं होती. तुमच्या सावकाराला ही गोष्ट ऐकवून फार उपयोग होईल असं वाटत नाही.)

आणि देवावर राग? तोही त्यांनी गिळला नाही. "माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल," हे तुकोबांचंच आहे. माझ्यापुरता देव मेला, कुणाला असेल तर असो. गाथ्यातून ते कुणी काढून टाकलं नाही. तुम्हाला हरिपाठाला बसल्यावर राग येतो, हे तुम्ही पाप असल्यासारखं लिहिलं आहे. येऊ द्या. बाबासमोर तुम्ही रागावू शकत नाही, तिथे रागावलात तर तो 'श्रद्धा कमी पडली' म्हणून आणखी पाच हजार लावेल. विठ्ठलासमोर भांडता येतं, आणि भांडूनही दुसऱ्या दिवशी तिथेच बसता येतं. माझ्या मते टेकायची जागा खरी की खोटी, हे इथे कळतं: तिथे आपलं आहे ते सगळं, घाण धरून, बोलता येतं का?

आता दामाजीपंत. तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि 'देवाची लीला' म्हणून मी तो टाळणार नाही. ती गोष्ट सांगताना आपण सुरुवात गिळतो. दामाजी मंगळवेढ्याचे कारभारी. दुष्काळात लोक मरायला लागले तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारं उघडली, आपलं डोकं जाणार हे माहीत असून. विठ्ठल विठू महार होऊन बीदरला पैसे घेऊन गेला तो त्यानंतर. कोठार उघडताना दामाजींना हे माहीत नव्हतं. देव पैसे भरेल म्हणून त्यांनी धान्य वाटलं असतं, तर तो सौदा झाला असता.

पण याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट, जी पोरांना कुणी एवढ्या हौसेनं सांगत नाही. चोखोबा. गावकुसाची भिंत बांधायला त्यांना इतर महारांबरोबर लावलं होतं. ती भिंत कोसळली आणि सगळे खाली गाडले गेले. साल १३३८ सांगतात. चोखोबा ज्या विठ्ठलाचं नाव घेत होते, त्या विठ्ठलानं भिंत धरली नाही. त्याच देवानं, त्याच गावात, दामाजींसाठी पैसे भरले आणि चोखोबांसाठी भिंत धरली नाही. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून बघत राहिले, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली.

वारकऱ्यांनी या दोन्ही गोष्टी सांभाळून ठेवल्या. त्यांना एकच ठेवता आली असती. 'देव भक्ताचं फेडतो' एवढंच सांगायचं असतं तर दामाजी पुरेसे होते, चोखोबांची भिंत अडचणीचीच होती. तरी ती काढली नाही. म्हणून मला ही परंपरा खोटा दिलासा देणारी वाटत नाही. ती तुम्हाला सांगते की कधी फिटतं आणि कधी भिंत पडते, आणि दोन्ही वेळा नाव तेच घ्यायचं. हे ऐकून रात्री झोप लागेलच असं नाही. गुरुवारच्या व्हिडिओनं लागेल तशी तर नाहीच. पण शुक्रवारी हे खोटं ठरत नाही.

त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते हेही लक्षात घ्या, आणि त्यांना तिथे लावलं होतं ते माणसांनी. भिंत पडण्याचं खापर देवावर फोडून गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या गावाला सोडून द्यायचं, असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा. तुमच्या घरावर आलेल्या संकटातही शेकडा तीननं पैसे देणारा माणूस आहे. तो दैव नाही.

त्याच्याबद्दल. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर सरकारनं ठरवून दिलेला दर तारण असेल तर वर्षाला ९ आणि नसेल तर १२ टक्के. परवाना नसताना व्याजानं पैसे देण्याचा धंदा करणं हाच गुन्हा आहे. परवाना असेल तर पावती आणि हिशेब द्यावाच लागतो. तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार होते. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही दिली असेल, जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर तेही लपवू नका, तिथे सांगा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ चा कायदाच तसा आहे. बँकेत दोघं मिळून जा. कर्ज थकल्यावर शाखेत तोंड दाखवायला माणसं लाजतात, पण शाखाधिकाऱ्याला समोर येऊन बोलणारा थकबाकीदार हवा असतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूनं सांगते. पुनर्गठन बसतं का, एकरकमी तडजोड बसते का, विचारा. नाही म्हणाले तर लेखी मागा.

आता सासूबाई. "पांडुरंग बघतोय" या वाक्याचा तुम्हाला राग येतो, मला समजतो. देवाचं नाव घेऊन समोरच्याला गप्प बसवता येतं, आणि तेव्हा तेही बाबाच्या राखेइतकंच पोकळ असतं. पण त्या तसंच म्हणत असतील असं मला वाटत नाही. तुम्ही पत्रात एका ठिकाणी ओझरतं लिहिलंय की ७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली. मग त्यांना उपदेश मागू नका, माहिती मागा. कामावर किती जणी जायच्या, सुकडी मिळायची ती कशी लागायची, पगार उशिरा आला की काय खायचे, रात्री तळावर हरिपाठ व्हायचा का. माझा अंदाज आहे की 'पांडुरंग बघतोय' हे त्या तेव्हा हातोडा खाली ठेवून म्हणाल्या नसतील. हे ऐकायला मालकांनाही बसवा. ज्या बाईनं दुष्काळ काढला तिच्यासमोर 'मी गेलो तर तुम्ही सुटाल' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघणं जड जाईल. आणि दोन्ही मुलगे ज्या एका माणसाचं ऐकतील ती त्याच आहेत. धाकट्याकडे निरोप त्यांनीच न्यावा, तुम्ही किंवा मालक आधी जाऊ नका. नेताना कापलेल्या खोडाचा तुकडा बरोबर असू द्या.

हरिपाठ चालू ठेवा. बरं वाटावं म्हणून नको. रोज एका वेळी, एका जागी, घरातली सगळी माणसं अर्धा तास एकत्र बसतात, एवढ्यासाठी तरी. मालक बसले नाहीत तर ओढू नका, नुसते दारात उभे राहिले तरी चालेल. तो संपला की निरांजन असतानाच वही उघडा. कुणाचं किती, कुठल्या दरानं, कधी द्यायचं, आज काय आलं. एकाच ओळीचा हिशेब झाला तरी चालेल. सुरुवातीला दोघांनाही आवडणार नाही. देव्हाऱ्याखाली काही पाकिटं असतील तर तीही त्याच वेळी फोडा.

अंगठीवरून भांडू नका. ती विकून फार काही हाती येणार नाही, सोन्याचा भाव तेवढा मिळेल. त्यांच्या हातात राहू दे. बाग कशानं गेली हे समजलं की ती कधी काढायची ते त्यांचं ते बघतील.

वारीचं विचाराल तर यंदा पायी जाऊ नका. पंधरा-वीस दिवस मालकांना मागे ठेवून जाण्यासारखी वेळ नाही, आणि सासूबाईंना हे कळेल. त्याऐवजी एक दिवस चौघं जण पंढरपूरला जा: तुम्ही, मालक, सासूबाई आणि जमलं तर धाकटे दीर. एकादशी टाळा. पदस्पर्शाच्या रांगेत दिवस जाईल, मुखदर्शन घ्या. नामदेव पायरीशी चोखोबांच्या समाधीपुढे थोडं थांबा, दामाजींची गोष्ट सासूबाईंकडून तिथेच पुन्हा ऐका, सुरुवातीपासून. बाबानं मंतरून दिलेलं नारळ-लिंबू काही बरोबर नेऊ नका. वार म्हणाल तर रविवार धरा. गर्दी असते, पण सोमवारी सहायक निबंधकांचं कार्यालय आणि बँक दोन्ही उघडी असतात.